रुळावरची माणसं जहाजावर जातात तेव्हा

भिलाईहून समुद्र कुठल्याही दिशेनं लांबच. पुरीला जायचं तर एक रात्र, विशाखापट्टणमला दिवसभराचा प्रवास, आणि मुंबईला हावडा मेलनं रात्र काढून वर निम्मा दिवस. दुर्ग ते मुंबई रुळांवरून अकराशे किलोमीटर भरतात. त्यामुळे इथल्या मराठी माणसाला प्रवास म्हटलं की रेल्वेच आठवते. आमच्या वडिलांची पिढी गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावतीकडून इथल्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला आली. गावी जायचं रेल्वेनं, लग्नाला रेल्वेनं, एलटीसी घेऊन कन्याकुमारीला जायचं तेही रेल्वेनं. आणि गाडी ज्या रुळांवरून धावायची, ते रूळही बहुतेक इथलेच, भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निघालेले.

मी भिलाईच्या सुपेल्यातल्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात बसते. चारधाम, काश्मीर, दुबई, व्हिसा, विमानाची तिकिटं असं सगळं करता करता क्रूझही आमच्या टेबलावर आली. आधी सिंगापूरहून सुटणारी सुपरस्टार व्हर्गो होती. सिंगापूर–मलेशियाच्या पॅकेजमध्ये दोन रात्री बोटीवर, एवढंच तिचं स्वरूप. मग सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ सुटायला लागलं आणि पासपोर्ट नसलेली कुटुंबंही चौकशीला यायला लागली. गोवा, लक्षद्वीप, कोची. पुढच्या वर्षी ते जहाज विशाखापट्टणमहूनही सुटलं, तेव्हा तर ‘अपने विशाखापट्टणम से’ म्हणत लोक आले.

येणाऱ्यांचा साचा ठरलेला असतो. वडील प्लांटमधून रिटायर झालेले, मुलगा पुण्यात नाहीतर बंगळूरला. पैसे मुलगा भरतो, जहाज सूनबाई निवडते आणि समजून घ्यायला सासूसासरे माझ्यासमोर बसतात. ‘मुलानं सगळं बुक केलंय, तुम्ही फक्त न्यायचं काय ते सांगा.’ न्यायचं काय हा प्रश्न खरं तर शेवटचा असतो, पण सगळे सुरुवात तिथूनच करतात. मी करू देते. माणूस बॅगेत काय भरायचं म्हणतो त्यावरून त्याला कशाची धास्ती आहे ते कळतं, आणि बाकीचं बोलणं सोपं होतं.

रेल्वेनं आपल्याला तीन गोष्टी शिकवल्या. सामान आपल्या बर्थखाली, साखळी-कुलूप लावून. खाणं आपल्या डब्यात, घरचं. आणि वेळेचं फार मनावर घ्यायचं नाही, कारण गाडीच उशिरा येणार. जहाजावर या तिन्ही सवयी अंगाशी येतात. सामान धक्क्यावरच तुमच्या हातातून काढून घेतात, घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. माझं निम्मं काम या तीन सवयी सोडवण्याचं असतं.

वेळेपासून सुरुवात करते. जहाज संध्याकाळी सुटणार म्हणून त्याच सकाळी मुंबईत पोचणारी गाडी पकडू नका, हे मी कानीकपाळी ओरडून सांगते. कुठे लाईनचं काम, कुठे ब्लॉक, कुठे नागपूरच्या अलीकडे तासभर सिग्नल. चेक-इनची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि सुटण्याच्या बऱ्याच आधी दार बंद होतं. गाडी चुकली तर दुसरी मिळते, जहाज चुकलं तर पुढच्या बंदरावर ते गाठू देतीलच असं नाही, आणि पैसे तर गेलेच. रायपूरहून विमानानं जाणाऱ्यांनाही मी आदल्या दिवशीच जा म्हणते. एक रात्र दादरला नाहीतर ठाण्याला नातेवाइकांकडे काढायची. भिलाईकर मराठी माणसाचं मुंबईत कुणीतरी असतंच. मात्र तिथून निघताना आत्याबाईंनी दिलेला डबा तिथेच संपवायचा.

हातातलं सामान म्हणजे खरी बॅग, हे पटायला वेळ लागतो. मुंबईत बॅलार्ड पिअरवर मोठ्या बॅगा टॅग लावून देऊन टाकायच्या. त्या तपासणीतून जाऊन तुमच्या केबिनच्या दाराशी येतात, पण कधी येतील याचा भरवसा नाही. दुपारी दिलेली बॅग रात्रीच्या जेवणानंतर आलेली मी पाहिली आहे. तोवर मुलांनी वरच्या डेकवरचा स्विमिंग पूल बघितलेला असतो. पोहण्याचे कपडे मोठ्या बॅगेत, आजोबांची संध्याकाळची गोळी मोठ्या बॅगेत, फोनचा चार्जर मोठ्या बॅगेत, आणि सगळं कुटुंब लिफ्टशेजारी ताटकळत. म्हणून मी एक कागद देते. त्यावर लिहिलेलं असतं, ‘रात्री दहापर्यंत मोठी बॅग नाही असं धरून चाला.’ गोळ्या, ओळखपत्रं, पैसे, दागिने, चष्मा, चार्जर, प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोड, मुलांचे पोहण्याचे कपडे, छोट्यांचे डायपर. हे सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. आणि सॅक ज्याची त्यानं उचलायची, सगळ्यांची मुलाच्या खांद्यावर टाकायची नाही.

ओळखपत्रांवरून मात्र मी कठोर होते. देशातल्या देशात फिरणाऱ्या जहाजालाही प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स चालत नाही, मोबाईलमधला फोटोही नाही. लहान मुलांचं आधार घरात कुठल्या फाईलमध्ये आहे हे निघायच्या आठवडाभर आधी शोधा. आपल्याकडे बायकांच्या नावांचा घोळ फार असतो. आधारवर लग्नानंतरचं, पासपोर्टवर माहेरचं, आणि सुनेनं बुकिंग करताना लाडाचं ‘शोभाआई’ लिहिलेलं. तिकिटावरचं नाव अक्षरश: ओळखपत्रासारखं हवं. परदेशी जहाज असेल तर पासपोर्टला सहा महिने बाकी हवेत, आणि एक बारकी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. सिंगापूरला विमानानं उतरलात, तिथून जहाजानं मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला आलात, की तो तुमचा दुसरा प्रवेश झाला. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतीची वाट बंद. भूमध्य समुद्रात तुर्कस्तानला जाऊन पुन्हा इटलीला येणाऱ्यांचंही तेच. सिंगापूरचं अरायव्हल कार्डही परतताना पुन्हा भरावं लागतं.

घरात कुणी गरोदर असेल तर लाजू नका, सांगा. चोविसावा आठवडा लागला की बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, आणि मोजतात ते प्रवास संपण्याच्या तारखेपर्यंत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही सहसा नेत नाहीत. बारशाला जमलेल्या गोतावळ्यात ‘चला, बाळाला घेऊन क्रूझला’ असं ठरतं आणि मग मला वाईटपणा घ्यावा लागतो.

आता केबिन. आमच्याकडच्या लोकांना टाउनशिपच्या क्वार्टरची सवय. जुने सेक्टर, पुढे बाग, मागे पेरूचं झाड. त्यांना आतली, खिडकी नसलेली केबिन दाखवली की चेहरे पडतात. फर्स्ट एसीचा कूपे थोडा फुगवून त्याला न्हाणीघर जोडलं तर जेवढं होईल तेवढी जागा, असं मी आधीच सांगून ठेवते. मग तिथे गेल्यावर उलट ती मोठी वाटते. मोठ्या कडक सुटकेसची तिथे अडचण होते; मऊ कापडाची, दाबून पलंगाखाली सरकणारी बॅग बरी. चादर, उशी, टॉवेल काही न्यायचं नाही. हे ऐकून काकूंना विश्वास बसत नाही, पण एक चादर कमी झाली की बॅगेत दोन साड्यांची जागा होते.

आणि केबिनच्या भिंती लोखंडाच्या असतात. ही माहिती मी ज्यांना सगळ्यात जास्त आनंदानं सांगते ते म्हणजे प्लांटच्या प्लेट मिलमधून रिटायर झालेले. एम्प्रेसवर मी सोबत गेलेल्या एका ग्रुपमध्ये असे एक काका होते. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी बोटाच्या पेरानं भिंत वाजवली, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, ‘पतली है. पण आहे स्टीलच.’ मग खिशातून फ्रिजवर लावायचा भिलाईच्या मैत्रीबागेचा चुंबक काढून दारावर चिकटवला. त्या चुंबकामुळे त्यांच्या नातवंडांना त्या एकसारख्या, लांबच लांब गल्लीत आपलं दार लगेच सापडायचं. बाकीच्यांची मुलं दुसऱ्यांच्या दाराला कार्ड लावून बघत होती. तेव्हापासून मी सगळ्यांना चुंबकाचे हुक न्यायला सांगते. जेवणाच्या वेळांचं पत्रक, टोप्या, ओले रुमाल, सगळं भिंतीवर टांगता येतं आणि छोट्या टेबलावर जागा राहते. काका पुढचे दोन दिवस ज्याला त्याला विक्रांतची गोष्ट सांगत होते, म्हणजे 2022 साली नौदलात आलेल्या आयएनएस विक्रांतसाठी खास पोलाद भिलाई, बोकारो आणि राउरकेलाहून गेलं, ती. ती खरी आहे. जहाजाची लांबी विचारून आल्यावर त्यांनी लगेच हिशोबही केला. हे जहाज 211 मीटर, आपल्या युनिव्हर्सल रेल मिलचा अखंड रूळ 130 मीटर, जोडलेला पॅनल 260 मीटर. ‘म्हणजे एक पॅनल इथे ठेवला तर दोन्हीकडून बाहेर येईल.’

न्यायचं नाही अशा वस्तूंची यादी मी वाचून दाखवते, कारण ही यादी आपल्या घरातल्या रोजच्या वस्तूंचीच असते. इस्त्री, चहाची इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, राइस कुकर, एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन. जहाजावर आगीसारखं संकट नाही, आणि जहाजवाले तापणारी कुठलीही वस्तू केबिनमध्ये राहू देत नाहीत. तपासणीत सापडली तर काढून ठेवतात, उतरताना परत देतात. पूजेचं काय, हा प्रश्न येतोच. छोटी फ्रेम न्या, हात जोडा, उदबत्ती घरी. इस्त्री नाही म्हणजे सुरकुत्या न पडणारे कपडे न्या. एका संध्याकाळी थोडं सजून जेवायला जायचं असतं, त्यासाठी सिल्कची एक साडी पुरते. एसी भयंकर असतो, हॉलमध्ये बसायचं तर शाल हवी. चपला मात्र घसरणाऱ्या नकोत. डेक ओला असतो आणि जिने लोखंडी असतात.

खाण्यावरून माझ्या टेबलावर सगळ्यात लांब चर्चा होते. भाजणी नेऊ का? न्या, पण थालीपीठ कुठे लावणार? लाडू? बंद पाकिटातलं, कंपनीचं, कोरडं खाणं बहुतेक चालतं. घरचं शिजवलेलं, रस्साभाजी, लोणच्याची बरणी नाही चालत. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय चांगली असते. पोळ्या मिळतात, वरणभात मिळतो. एकादशीचं मात्र बुकिंगच्या वेळीच कळवा, ऐनवेळी साबुदाणा भिजत घातलेला नसतो. मी चिवडा-खाकऱ्याची दोन बंद पाकिटं आणि मेतकूट एवढंच सांगते. त्यानं आजींचं मन शांत राहतं, आणि ते शांत असलं की अख्खी केबिन शांत असते.

पण दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूर किंवा दुबईहून जहाज धरणाऱ्या घरांना मी हटकून विचारते, ‘अनारसे नेताय का?’ लोक हसतात. अनारशाला खसखस लावलेली असते, आणि खसखस सिंगापूर आणि अमिराती या दोन्ही ठिकाणी बंदीच्या यादीत आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. आपल्या वाटणात पडणारी, डब्यात असणारी खसखस तिथल्या कस्टमवाल्यासमोर गुन्हा ठरू शकते. एका घरात हे ऐकून आजींनी तिथल्या तिथे सुनेला फोन लावला, ‘यंदा अनारसे फक्त भिलाईत.’ कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही तसंच, आणि सिंगापूरला च्युइंगम, व्हेप हेही नाही. गरम मसाल्याच्या घरगुती पुड्यांत काय काय पडलंय ते आधी घरात विचारा.

औषधांचा दुसरा प्रश्न इथला खास आहे. रिटायर लोकांच्या गोळ्या प्लांटच्या सेक्टर नाइनमधल्या हॉस्पिटलातून आलेल्या असतात आणि घरी त्या स्ट्रिपमधून काढून, जुन्या डब्यांत, ‘सकाळ’, ‘रात्र’ असं लिहून ठेवलेल्या असतात. ही शिस्त घरी उत्तम, प्रवासात धोक्याची. सुटी गोळी कुठल्याच डॉक्टरला ओळखता येत नाही. स्ट्रिपसकट न्या, चिठ्ठी न्या, चार दिवस जास्तीच्या न्या. इन्शुलिन असेल तर केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका, तो बाटली गार ठेवायला असतो. जहाजाच्या दवाखान्यात ठेवायची सोय आधी विचारा. जहाजावर डॉक्टर असतो, पण फुकट नसतो, आणि गंभीर काही झालं तर किनाऱ्यावर नेण्याचा खर्च डोळे पांढरे करणारा असतो. प्लांटचं मेडिक्लेम आहे म्हणून प्रवासाचा विमा टाळणाऱ्यांशी मी सगळ्यात जास्त हुज्जत घालते.

बोट लागण्याबद्दल लोकांच्या मनात भीती जास्त असते, प्रत्यक्षात मोठ्या जहाजावर हिवाळ्यात ती फारशी जाणवत नाही. तरीही ज्याला बसमध्ये ओकारी येते त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिन घ्या, आणि ती गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, आधी घ्यायची. आल्याच्या वड्या आपल्याकडे मिळतातच. आडवं होऊन फोन बघत बसायचं नाही. डेकवर जाऊन लांबची क्षितिजाची रेघ बघायची. केबिन निवडताना एक गंमत असते. महागडी, वरच्या मजल्याची, टोकाकडची केबिन सगळ्यात जास्त हलते. स्वस्तातली, खालची, मधली सगळ्यात कमी. आजीआजोबांना मी खालची, मधली, लिफ्टजवळची सुचवते आणि मुलाला वाटतं की मी त्याचे पैसे वाचवून स्वत:चं नुकसान करते आहे.

धास्ती मात्र वेगळीच असते आणि ती बाहेर पडायला वेळ लागतो. एका घरातल्या आजी मूळच्या अलिबागकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. घरात सगळे उत्साहात, त्या गप्प. शेवटी म्हणाल्या, ‘आमच्याकडे रामदास बुडाली होती.’ 17 जुलै 1947 ची ती गोष्ट. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांनी ती पाहिलेली नव्हती, घरात ऐकलेली होती. कोकणातल्या माणसांना बोट ही नेहमीची होती. मुंबईहून बंदर-बंदर करत बोटी जायच्या, रस्ते आणि मग 1998 मध्ये पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वे येईपर्यंत त्यांचा आधार मोठा होता. विदर्भातून इकडे आलेल्या घरांना हा इतिहासच नाही. त्यामुळे आजींची भीती घरात कुणाला कळत नव्हती.

मी त्यांना मस्टर ड्रिलबद्दल सांगितलं. जहाज सुटण्याआधी प्रत्येक प्रवाशाला आपली जमण्याची जागा बघायची असते, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते समजून घ्यायचं असतं, भोंग्याची खूण लक्षात ठेवायची असते, सात छोटे आणि एक लांब. हे नियम टायटॅनिक बुडाल्यानंतर 1914 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय करारातून येत गेले. आणि जानेवारी 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं, त्यात 32 माणसं गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. त्यानंतर सुटण्याआधीच ड्रिल घेण्याचा नियम कडक झाला. आजी म्हणाल्या, ‘मग रामदासवर कुणी सांगितलं असतं तर?’ माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. पण त्या आल्या.

ड्रिलच्या वेळी इतर शहरांतले लोक कुरकुरतात, सेल्फी काढतात, बारमध्ये लपतात. भिलाईचे रिटायर लोक सगळ्यात आधी हजर. त्यांनी आयुष्यभर शिफ्टच्या आधी हेल्मेट घातलंय, सेफ्टीची भाषणं ऐकलीत. भोंगा वाजला की कुठे जायचं हे विचारणं त्यांच्या अंगात आहे. त्या प्लेट मिलवाल्या काकांनी जॅकेटचा पट्टा बांधून दाखवणाऱ्या मुलाला थांबवलं आणि विचारलं, ‘छोटे बच्चों वाला अलग है ना? कहाँ रखा है?’ त्यानं दाखवलं. काकांनी मान डोलावली आणि नातवाला तिथे उभं करून दोनदा घालायला लावलं. मला माझ्या सगळ्या प्रवासांत जहाजावरचं एवढं नेमकं वागणं दुसरं दिसलेलं नाही.

फोनबद्दल एकच. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की फोन जहाजाच्याच उपग्रहाच्या नेटवर्कला जाऊन चिकटतो, आणि त्याचं बिल घरी पोचल्यावर येतं. चढल्याबरोबर एअरप्लेन मोड, सगळ्यांचा, आजोबांचाही. भिलाईत मागे राहिलेल्या मोठ्या मुलीला आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर ती मला रात्री अकराला फोन करते.

पैशांचं बोलणं मी शेवटी ठेवते, कारण तोवर लोकांचा माझ्यावर थोडा विश्वास बसलेला असतो. जाहिरातीत दिसतो तो आकडा म्हणजे फक्त दाराशी पोचण्याचा. त्यावर बंदराचे कर, जीएसटी, आणि रोजची माणशी ग्रॅच्युइटी, जी बहुतेक जहाजांवर मुलांचीही धरतात. कोल्ड्रिंक, खास रेस्टॉरंट, फोटो, वाय-फाय वेगळं. जहाजावर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर चढतं, आणि कार्ड टेकवलं की आवाज येतो टुंग. हा टुंग मुलांना फार आवडतो. एका घरात सातवीतल्या मुलानं नुसत्या मॉकटेल्समध्ये आजोबांची पेन्शन डोळ्यांसमोर आणली. रिसेप्शनवर सांगितलं तर मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून देतात. हे चढल्यावर पहिल्या तासात करायचं काम आहे. मी प्रत्येक कुटुंबाला सगळं धरून एक पूर्ण आकडा लिहून देते. तो ऐकून काही जण उठून जातात. जाऊ दे. जहाजावर अर्ध्यात जाऊन रडण्यापेक्षा सुपेल्यातल्या खुर्चीत बसून नाही म्हणणं बरं.

गोव्याला उतरायचं तेव्हा लक्षात ठेवायचं की जहाज मुरगावला लागतं. कलंगुट तिथून लांब. तिथे जाऊन यायच्या नादात दिवस टॅक्सीत जातो. घरात वयस्कर माणसं असतील तर वास्को, बोगमाळो, जुनं गोवं एवढंच करा. किनाऱ्यावर जाताना घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा आणि परत यायची वेळ सांगितलेल्याच्या तासभर आधीची धरा. लक्षद्वीपला तर जहाज धक्क्यालाच लागत नाही. बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीनं उतरावं लागतं. समुद्र खवळला की उतरणं रद्द, पैसे देऊन बेट लांबून बघायचं. गुडघे दुखणाऱ्यांना त्या बोटीत पाय टाकणं अवघड जातं, हे आधी सांगितलेलं बरं. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यायची.

शेवटच्या रात्री पुन्हा बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. मध्यरात्रीच्या आत. सकाळी त्या धक्क्यावर मिळतात. इथे जे होतं ते दरवेळी होतं. एक नीटनेटके गृहस्थ, सगळं घडी करून भरून ठेवलं, बॅग बाहेर ठेवली, समाधानानं झोपले. सकाळी अंगात पायजमा, आणि पँट धक्क्यावर. मुंबईतल्या त्या चकचकीत टर्मिनलमधून ते पायजमा आणि सूनबाईची शाल अशा वेशात बाहेर पडले, आणि कुणी विचारलं की सांगायचे, ‘योगा करून येतोय.’ म्हणून माझ्या कागदावरची शेवटची ओळ, ‘उद्याचे कपडे आणि बूट बाहेर ठेवायच्या बॅगेत नाहीत ना?’

परतीची गाडी त्याच दुपारची घेऊ नका. जहाज वेळेवर लागलं तरी उतरायला, बॅगा शोधायला, सीएसएमटीला पोचायला वेळ जातो, आणि बिलात काही चुकीचं चढलं असेल तर ते जहाजावरच रिसेप्शनला रात्रीच सोडवून घ्यावं लागतं. नाहीतर घरी आल्यावर ईमेल लिहीत बसावं लागतं. बिलाचा कागद आदल्या संध्याकाळी मागा आणि एकेक ओळ वाचा. प्लांटच्या पे-स्लिपवर ओव्हरटाइमचा एक तास इकडेतिकडे झाला तरी टाइम ऑफिसला जाणारी माणसं इथे मात्र ‘जाऊ दे’ म्हणतात, हे मला कळत नाही.

आणि जहाजावर एक टेबल असतं, तिथे पुढच्या वर्षीची सफर आत्ताच बुक केली तर सवलत असं सांगतात. शेवटच्या संध्याकाळी तिथे गर्दी होते. सगळे खुशीत असतात, मुलं पुढच्या वेळी बाल्कनीवालीच केबिन म्हणून हट्ट धरतात, सूनबाई सासूकडे बघते, सासू नवऱ्याकडे. माझ्या ग्रुपमधल्यांना मी तिथे सही करू देत नाही. घरी जा, दोन रात्री झोपा, सेक्टरमधल्या शेजाऱ्यांना फोटो दाखवून घ्या, क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट येऊ द्या, मग या माझ्याकडे. त्या सवलतीपेक्षा कमी दर मी दरवेळी देऊ शकते असं नाही. काही वेळा देऊ शकत नाही, आणि तसं सांगते. प्लेट मिलवाले काका मात्र त्या टेबलापाशी उभे राहून त्या मुलीला विचारत होते, पुढचं जहाज कुठल्या यार्डात बांधलं. तिला माहीत नव्हतं. या एम्प्रेसचा जन्म फ्रान्समधल्या सेंट नाझेरचा, 1990 चा, हे काकांनीच तिला सांगितलं, आणि आमच्या ग्रुपचं जेवण गार होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.